भाजे ते औरंगाबाद लेणी: मूर्ती आहे की नाही एवढंच बघायचं का?

घाटमाथा

लेण्यांत गेलं की एक ठरलेलं वाक्य कानावर पडतंच, मूर्ती नाही म्हणजे हीनयान, मूर्ती आहे म्हणजे महायान, चला पुढे. शाळेच्या सहलीपासून आपण सगळे हेच ऐकत आलोय. मला ते अपुरं वाटतं म्हणून धागा काढतोय, कारण एवढ्यावर थांबलं की तिथे येणाऱ्या माणसाच्या मनात काय होतं हा प्रश्न राहूनच जातो.

मी हल्ली वेगळं बघतो. आलेल्या माणसानं कुठे उभं राहायचं, कुठून चालायचं, कुठे बसायचं याची कोरणाऱ्यानं काय सोय करून ठेवलीय ते. भाजे घ्या. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातलं चैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनागृह), अष्टकोनी खांब आतल्या बाजूला कललेले, छताला लाकडी फासळ्या अजून आहेत, आणि टोकाला एक साधा गुळगुळीत स्तूप. कोणाचा चेहरा नाही. पण खांबांची रांग आणि भिंत यांच्यात एक अरुंद वाट सोडलीय, ती डावीकडून आत जाते, स्तूपाच्या मागून वळते आणि उजवीकडून परत येते. माणसानं चालायचंय, सगळी रचनाच त्यासाठी आहे. खांबामागून चालताना स्तूप दिसतो, लपतो, परत दिसतो.

आता औरंगाबादच्या लेण्यांमधलं तीन नंबरचं लेणं बघा, पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपासचं. गाभाऱ्यात बुद्ध पाय खाली सोडून बसलाय, हात धर्मचक्र मुद्रेत (उपदेश देतानाच्या), आणि त्याच्या दोन्ही बाजूंना भिंतीलगत माणसं गुडघे टेकून बसलीयेत. खऱ्या माणसाएवढी. बायका, पुरुष, प्रत्येकाची केशरचना वेगळी, दागिने वेगळे, हात जोडलेले, माना किंचित वर. ते देव नाहीत, बोधिसत्त्व (बुद्धत्वाच्या वाटेवरचे, इतरांना तारणारे) नाहीत, साधे उपासक आहेत आणि ते कायमचे तिथे बसवलेत. आपण आत शिरलो की आपोआप त्यांच्याच रांगेत उभे राहतो. इथे चालायला वाटच नाही, समोर थांबायचं.

मधल्या सहा-सातशे वर्षांत श्रद्धेत नेमकं काय बदललं? ज्यांनी बारकाईनं बघितलंय त्यांनी लिहा, फोटोपेक्षा निरीक्षणं जास्त हवीत.

पारिजात

छान धागा. एक गोष्ट आधीच बाजूला काढूया, की सुरुवातीच्या कारागिरांना माणसाची आकृती जमत नव्हती म्हणून बुद्ध कोरला नाही असं काही जण म्हणतात, ते अजिबात खरं नाही. भाज्याच्याच विहारात रथात बसलेला आणि हत्तीवर बसलेला असे दोन मोठे पट आहेत, ते सूर्य आणि इंद्र की आणखी कोणी यावर अभ्यासक अजून भांडतात, पण कोरणाऱ्याचा हात किती तयार होता ते उघड दिसतं. म्हणजे न दाखवणं हा निर्णय होता.

सांचीच्या मोठ्या स्तूपाचं पूर्वेचं तोरण कोणी बघितलंय का? मधल्या आडव्या पट्टीवर महाभिनिष्क्रमण आहे, म्हणजे सिद्धार्थाचं घर सोडून जाणं. कपिलवस्तूच्या दारातून कंथक घोडा बाहेर पडतो, तोच घोडा पुढे पुढे परत परत कोरलाय, म्हणजे प्रवास चाललाय, आणि पाठीवर कोणी नाही. रिकाम्या पाठीवर छत्र धरलंय फक्त. शेवटी छत्र घोड्यावरून निघतं आणि जमिनीवर दोन पावलं दिसतात, त्यांच्यापुढे त्याचा सारथी छन्न वाकलाय, मग घोडा मालकाशिवाय परत फिरतो. मी ते दुर्बिणीतून बघितलं तेव्हा वाटलं की जो माणूस निर्वाणाला गेला, ज्याच्यासाठी आता कुठलंच रूप उरलेलं नाही, त्याला रूपात कसं बसवायचं हा प्रश्न या लोकांना खराच पडला होता. माझं मत आहे, पटलं नाही तर सांगा.

मोडीवाचक

पारिजात, तुमच्या मताला विरोध करणारी एक बाजू आहे. कलेच्या अभ्यासक सुसान हंटिंग्टन यांनी 1990 मध्ये मांडलं की अशा दृश्यांत बुद्धाला वगळलंय असं समजूच नका, ती बऱ्याचदा बुद्धानंतरची दृश्यं आहेत, लोक बोधिवृक्षाला, वज्रासनाला (बुद्धाला ज्ञान झालं त्या आसनाला), तीर्थस्थानाला पूजतायत तेच कोरलंय. यात दम आहे कारण स्तूपाभोवतीची गर्दी आपण बघतो ती खरोखर यात्रेकरूंचीच वाटते.

पण मध्य प्रदेशातल्या भरहूत स्तूपाच्या कोरीव पट्ट्या याच्या आड येतात. तिथे चित्राखाली नावं कोरलीयेत म्हणून ते फार महत्त्वाचं. एका पटावर अजातशत्रू राजा हत्तीवरून येतो आणि आसनापुढे, पावलांपुढे वाकतो, आणि खाली ब्राह्मीत कोरलंय की अजातशत्रू भगवंताला वंदन करतो. चित्रात पावलं, लेखात भगवान. म्हणजे निदान काही ठिकाणी तरी पावलं म्हणजे साक्षात तेच, असं बघणाऱ्यानं समजावं अशी अपेक्षा होती. कला-इतिहासकार विद्या देहेजियांनी दोन्ही अर्थ एकाच वेळी चालू शकतात असं म्हटलंय, मला तेच जास्त पटतं. बोधिवृक्ष एकाच वेळी झाड असू शकतो, तीर्थ असू शकतो आणि बुद्धही असू शकतो, आपल्याकडे पादुकांचं तसंच तर असतं.

आता घाटमाथा यांच्या प्रश्नाकडे. माझं बघणं शिलालेखांच्या बाजूनं असतं. कार्ल्याच्या चैत्यगृहात दाराशी लेख आहे, वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीनं हे शैलगृह पूर्ण केलं, जंबुद्वीपात उत्तम. सगळे तो वाचतात. पण आतले खांब वाचा एकेक करून. धेनुकाकटच्या यवनांनी (त्या काळी ग्रीकांना म्हणत) दिलेले खांब आहेत, आणि एक खांब सोपाऱ्याच्या एका भाणकानं (धर्मवचनं पाठ म्हणणाऱ्या भिक्षूनं) दिलाय, धर्मोत्तरीय निकायातला म्हणजे पंथातला, स्वातिमित्र नावाचा, आणि लेखात म्हटलंय की खांब शरीरधातूसह, म्हणजे अस्थी-अवशेषांसह दिलाय. खांबात अस्थी! त्यासाठीची खोबणही तिथेच आहे. म्हणजे टोकाचा स्तूपच तेवढा पवित्र होता असं नाही, प्रदक्षिणा घालताना माणूस ज्या खांबाला हात लावून पुढे जायचा त्यातही धातू होते. चालण्याची वाट म्हणजे नुसती रिकामी जागा नव्हती, घाटमाथा.

घाटमाथा

मोडीवाचक, हे फारच मोलाचं, मी तो खांब परत जाऊन बघणार. मग भाज्याच्या चौदा स्तूपांचा अर्थही याच्याशीच जोडून लावायला हवा ना? पाच आत कातळाखाली आणि नऊ बाहेर, आणि काहींवर थेरांची (ज्येष्ठ भिक्षूंची) नावं आहेत. बुद्धाचे धातू नव्हे, तिथेच राहून गेलेल्या भिक्षूंचे.

मोडीवाचक

बरोबर. बेडशाला पण आहे, चैत्याकडे जाताना लागणारा छोटा स्तूप, गोभूती थेरांचा. लेखात त्यांचं वर्णन आहे, अरण्यात राहणारे, भिक्षेवर जगणारे, आणि स्तूप त्यांच्या शिष्यानं करवलाय. राजा नाही, शेठ नाही, एका शिष्यानं आपल्या गुरूसाठी. मला त्या लेण्यांत सगळ्यात जवळचं वाटणारं ठिकाण तेच, आणि लोक त्यावर बॅगा ठेवतात हे बघून जीव तुटतो. कृपा करून जाणाऱ्यांनी तेवढं सांभाळा.

बोरिवलीकर

कान्हेरीचं लिहितो, कारण लहानपणापासून तिथे जातोय आणि बहुतेक लोक तीन नंबरचा चैत्य आणि व्हरांड्यातले दोन उंच उभे बुद्ध बघून, चणे खाऊन परत येतात. वर चढा, नव्वद नंबरला जा. आत भिंतीवर अवलोकितेश्वर हा करुणेचा बोधिसत्त्व उभा आहे, हातात कमळ, शेजारी दोन स्त्रिया, त्यांपैकी एक तारा ही देवी मानली जाते, आणि दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत छोटे छोटे चौकोन. प्रत्येक चौकोनात कोणीतरी संकटात सापडलेलं आहे आणि हात जोडून हाक मारतंय, आणि वरून तो उडत येतोय. आठ महाभयं म्हणतात त्यांना. झिजलंय बरंच, सकाळच्या तिरप्या उजेडात नीट कळतं, टॉर्च न्या.

त्याच लेण्यात पहलवी लिपीतले लेखही आहेत, 1009 आणि 1021 सालचे, पारशी लोक बघायला आले आणि आपली नावं कोरून गेले. काय विचार केला असेल त्यांनी हा अवलोकितेश्वर बघून, मला नेहमी वाटतं.

घाटमाथा

बोरिवलीकर, मनातलं बोललात! याच पटासाठी मी खरं तर औरंगाबाद लेण्यांचं नाव शीर्षकात टाकलं. तिथे सात नंबरच्या लेण्यात दाराच्या डाव्या बाजूला हाच पट आहे, खूप मोठा आणि खूप चांगल्या अवस्थेत. मधे बोधिसत्त्व जटा बांधून उभा, आणि दोन्हीकडे चार-चार प्रसंग. एका बाजूला आग, तलवार घेऊन आलेला शत्रू, बेड्या, बुडणारी नाव. दुसऱ्या बाजूला सिंह, साप, पिसाळलेला हत्ती, आणि शेवटचा मृत्यू.

तो शेवटचा चौकोन नीट बघा. आईच्या मांडीवर मूल आहे आणि मृत्यू ते ओढून न्यायला आलाय. बाकीची सात भयं रस्त्यावरची आहेत, व्यापाऱ्याची, तांड्याची, खलाशाची. घाट उतरून सोपारा, कल्याणच्या बंदराकडे जाणाऱ्या माणसाला रोज भेटणारी. आठवं मात्र घरातलं आहे. कोणीतरी पैसे देऊन ते भिंतीवर कोरून घेतलं. सद्धर्मपुंडरीक सूत्रात अवलोकितेश्वराचं नाव घेतलं की आगीतून, पुरातून, चोरांतून सुटका होते असं आहेच, पण पोथी वाचणारे किती असतील, भिंत मात्र सगळ्यांना वाचता येत होती.

आणि समुद्राचं भय खोटं नव्हतं. चिनी भिक्षू फाहियान सिंहलहून (श्रीलंकेहून) परत जाताना जहाजाला भोक पडलं, वादळ, व्यापाऱ्यांनी सामान समुद्रात फेकायला सुरुवात केली, आणि त्याला भीती की आपल्या पोथ्या आणि मूर्तीही फेकतील, तेव्हा त्यानं अवलोकितेश्वराचाच धावा केला, त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. ही पाचव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट, औरंगाबादच्या पटाच्या आधीची. म्हणजे चौकोनातली नाव ही कल्पना नाहीये.

तर्कवेल

चर्चा आवडली पण मला एक अडचण आहे, आणि ती मनापासून विचारतो. ज्यानं सांगितलं की स्वतःच स्वतःचा आधार व्हा, दुसऱ्या कोणाला शरण जाऊ नका, त्याच्या नावानं चाललेल्या विहारात हजार वर्षांनी लोक आग लागली तर अवलोकितेश्वराला हाक मारतायत. ही घसरण नाही का? भाज्याचा साधा स्तूप मला म्हणूनच जास्त बौद्ध वाटतो. नंतरचं सगळं बाहेरून आलेलं, अडाणी लोकांच्या समजुती धर्मात शिरल्या असं वाटतं.

पारिजात

तर्कवेल, स्तूप ही मुळात अस्थींवर उभारायची वास्तूच की. अस्थींना प्रदक्षिणा घालणं आणि मूर्तीपुढे गुडघे टेकणं यात तुम्ही म्हणता तेवढं अंतर मला दिसत नाही. साधं दिसतं म्हणून ते बुद्धिवादी होतं असं आपण आजच्या डोळ्यांनी ठरवतो.

दुसरं, विहारांतली चित्रं नुसती पूजेसाठी नव्हती. अजिंठ्याच्या सतरा नंबरच्या व्हरांड्यात डाव्या भिंतीवर भवचक्राचे अवशेष आहेत, मोठं चाक आणि त्यात वेगवेगळे जन्म. मूलसर्वास्तिवादी या पंथाच्या विनयात (भिक्षूंच्या नियमांत) सांगितलंय की विहाराच्या दारात असं चाक काढा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते समजावून सांगायला एक भिक्षू नेमा. लडाखला गेलात तर आजही गोंपाच्या (मठाच्या) दाराशी तेच चाक दिसतं. म्हणजे कर्म, तृष्णा, अनित्यता हे शिकवणं चालूच होतं, आणि आत गेल्यावर विश्वंतर जातक, तिकडे एक नंबरच्या लेण्यात महाजनक जातक, म्हणजे बुद्धाच्या मागच्या जन्मांच्या कथा, दान, त्याग. भीती वाटली तर हाक मारा आणि मन स्थिर झालं की हे चाक समजून घ्या, दोन्ही एकाच डोंगरात. मला यात घसरण दिसत नाही, माणसं कशी असतात त्याचं भान दिसतं.

मोडीवाचक

अडाणी लोकांच्या समजुती शिरल्या या मुद्द्यावर थोडं. लेख बघितले तर दान देणाऱ्यांत भिक्षू आणि भिक्षुणी भरपूर आहेत, अभ्यासक ग्रेगरी शोपेन यांनी हे खूप जोर देऊन दाखवलंय. मूर्ती करवून घेणारे, पुण्य आईवडिलांच्या नावे करणारे खुद्द संघातले शिकलेले लोक होते. अजिंठ्यात छोट्या छोट्या बुद्धमूर्तींखाली शाक्यभिक्षू अमुक यांचं देयधर्म (दान) असे लेख येतात आणि पुढे ठरलेलं वाक्य, यात जे पुण्य असेल ते आईवडिलांना पुढे ठेवून सर्व सत्त्वांच्या (जीवांच्या) अनुत्तर म्हणजे सर्वोच्च ज्ञानासाठी असो. घर सोडून भिक्षू झालेला माणूस, आणि पुण्य वाटताना पहिलं नाव आईवडिलांचं.

अजिंठ्याचंच सव्वीस नंबरचं लेणं भिक्षू बुद्धभद्रानं करवलं, अश्मकांचा मंत्री भव्विराज त्याचा मित्र, त्याच्या स्मरणार्थ. लेखात तो म्हणतो की जगात जोवर आठवण राहते तोवर माणूस स्वर्गात आनंदात राहतो, म्हणून डोंगरात चंद्रसूर्य असेतोवर टिकेल असं स्मारक करावं. सगळं अनित्य आहे हे ज्याच्या धर्माचं पहिलं वाक्य, तो भिक्षू चंद्रसूर्याइतकं टिकणारं मागतो. मला यात विरोध कमी आणि मैत्री जास्त दिसते.

पारिजात

सव्वीसचा विषय निघालाच आहे तर महापरिनिर्वाणाबद्दल कोणी लिहिणार नाही का? डाव्या भिंतीवर सात मीटरच्या वर लांब बुद्ध उजव्या कुशीवर निजलाय. लोक चेहऱ्यापाशी फोटो काढतात. तुम्ही मंचकाच्या खालची रांग बघा. भिक्षू बसलेत, कोणी हातावर डोकं टेकवलंय, पायाशी आनंद आहे, आणि एक जण आपल्याकडे पाठ करून बसलाय, शेजारी तिवईवर पाण्याचं भांडं टांगलंय, तो सुभद्र, शेवटचा शिष्य. तो रडत नाही. त्याला जे मिळायचं ते मिळालंय.

आता मान वर करा. वरच्या बाजूला देव आहेत आणि ते वाद्यं वाजवतायत, खाली शोक आणि वर उत्सव, मधे एक निजलेलं शांत शरीर. निर्वाण म्हणजे काय यावर मी वाचलेल्या कुठल्याही लेखापेक्षा हे मला जास्त कळलं. रडणं खोटं आहे असंही सांगत नाही आणि रडण्यासारखं काही झालेलं नाही हेही दाखवतो. कोरणाऱ्यानं दोन्ही एकाच भिंतीवर राहू दिलंय.

नागपूरकर

मी बौद्ध कुटुंबातला आहे, आजोबांनी 1956 साली दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली, म्हणून तर्कवेल यांचा प्रश्न मला घरातला वाटला. आमच्याकडे अवलोकितेश्वर नाही, तारा नाही, बावीस प्रतिज्ञांमध्ये देवदेवतांचं पूजन नाकारलंय आणि बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही हेही स्पष्ट आहे. हाक मारून कोणी वाचवायला येत नाही, शिकायचं आणि उभं राहायचं हेच आम्हाला शिकवलं. आठ भयांच्या पटापुढे मी उभा राहिलो तेव्हा सुरुवातीला काहीच वाटलं नाही, खरं सांगतो. मग बेड्यांचा चौकोन बघितला आणि तिथेच थांबलो.

घाटमाथा यांनी माणूस कुठे उभा राहतो असं विचारलंय, तर दीक्षाभूमीचा स्तूप या दृष्टीनं बघा. सांचीसारखा घुमट, चार दिशांना तोरणं, बाहेरून तीच जुनी ओळख, पण आतून पोकळ. भाज्याचा स्तूप सगळा भरीव, त्याच्याभोवती फिरायचं, आत जाता येत नाही. नागपूरला आपण स्तूपाच्या आत जातो, हजारो माणसं आत मावतात, मधे बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. ज्या लोकांना देवळाच्या पायरीवर उभं राहू दिलं नाही त्यांच्यासाठी सगळ्यात पवित्र वास्तूच्या पोटात मोकळी जागा केलीय. वास्तुरचनाकारानं हाच विचार केला होता की नाही ते सोडा, तिथे येणाऱ्या प्रत्येक माणसाला आत गेल्यावर जे वाटतं ते मी सांगतोय. आणि आमच्या घरांमधले बुद्धाचे फोटो बघितलेत तर बऱ्याच ठिकाणी डोळे उघडे असलेला बुद्ध दिसेल. मिटलेल्या डोळ्यांचाही असतो, पण माझ्या आजीला उघड्या डोळ्यांचाच हवा होता, तो आपल्याकडे बघतोय असं ती म्हणायची.

तर्कवेल

नागपूरकर, पोकळ स्तूपाकडे असं कधी बघितलंच नव्हतं. माझा प्रश्न पूर्ण सुटला असं नाही म्हणणार, भाज्याकडे माझा ओढा राहीलच, पण नंतरचं सगळं बाहेरून शिरलं हे म्हणणं मी यापुढे असं सरसकट करणार नाही. अवलोकितेश्वरानंतर काय, म्हणजे वेरूळमध्ये याच्या पुढचं काही दिसतं का?

घाटमाथा

दिसतं, आणि तिथे माणसाची जागा परत बदलते. वेरूळची एक ते बारा ही बौद्ध लेणी. सहा नंबरमध्ये महामायूरी बघा, मोर शेजारी आहे आणि खाली एक जण छोट्याशा घडवंचीवर पोथी ठेवून वाचत बसलाय. सापाच्या विषापासून राखणारी ही देवी, म्हणजे आठ भयांतलं एक भय उचलून त्याची स्वतंत्र देवी झाली आणि तिच्यासाठी पाठ करणारा माणूसही शिल्पात आला.

मग बारा नंबर, तीन ताल. सगळे खालचा मजला बघून दमतात, तुम्ही तिसऱ्या मजल्यावर जा. तिथे सात बुद्ध एका रांगेत, प्रत्येकाच्या डोक्यावर झाड, हे मानुषी बुद्ध, म्हणजे माणूस म्हणून होऊन गेलेले, विपश्यीपासून शाक्यमुनीपर्यंत. दुसऱ्या बाजूला आणखी सात, त्यांच्यावर छत्रं. आणि याच लेण्यात भिंतीवर नऊ घरांचे चौकोनी पट आहेत, मधल्या घरात बुद्ध आणि भोवती आठ बोधिसत्त्व, प्रत्येकाच्या हातात वेगळं चिन्ह. हे मंडल आहे, म्हणजे ध्यानसाधनेसाठीची देवतांची आखीव मांडणी. औरंगाबादचा पट वाटेवरच्या कोणालाही कळतो, बुडणारी नाव समजायला शिक्षण लागत नाही. हे मंडल मात्र कोणीतरी गुरू शेजारी उभा राहून सांगितल्याशिवाय उलगडत नाही, कोण कुठल्या घरात आणि का. मला वाटतं इथे येणारा माणूस यात्रेकरू कमी आणि साधक जास्त होता.

बोरिवलीकर

सात मानुषी बुद्धांवरून आठवलं, सोपाऱ्याचा स्तूप भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये उकरला तेव्हा मधल्या पेटीभोवती आठ छोट्या कांस्यमूर्ती मिळाल्या, सात मानुषी बुद्ध आणि आठवा मैत्रेय, अजून यायचा असलेला. मधल्या धातूंभोवती (अवशेषांभोवती) मांडून पुरून टाकल्या होत्या, कोणी बघावं म्हणून केलेल्याच नाहीत. घाटमाथा, तुमच्या प्रश्नात ही पण एक जागा धरा, जिथे बघणाऱ्याला जागाच ठेवलेली नाही. त्या मूर्ती मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

घाटमाथा

हे भारी आहे, याच्यावर वेगळं लिहायला हवं.

आणि जाणाऱ्यांसाठी, अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, त्याप्रमाणे आखणी करा. औरंगाबाद लेण्यांचे दोन गट आहेत आणि मधे बरंच चालायचंय, तीन नंबर एका गटात आणि सात नंबर दुसऱ्यात, त्यामुळे एकच गट बघून परतू नका. अजिंठ्यात फ्लॅश वापरू नका. भाज्याला मळवलीला उतरून चालत जाता येतं, कार्ले त्याच दिवशी होतं, मोडीवाचकांनी सांगितलेला खांब ज्याला आधी सापडेल त्यानं इथे कितवा ते लिहा.